कोरड्यास

"तूप, नाही! वा! ह्या बाईंच्या घरी तूप फक्त निरांजनात घालत असतील."

वेणीमाधव गायधनींनी फॉर्मवरचं 'नाही' लाल पेनाने खोडलं आणि त्याच्यावर 'दोन चमचे' असं लिहिलं. फॉर्म गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांच्या पत्नीचा होता. आदल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं, असं सर्वेक्षणाच्या मुलींनी विचारल्यावर बाईंनी दोन फुलके, वाटीभर भाजी, थोडासा भात आणि बिनसाखरेचा चहा एवढ्यावर भागवलं होतं. 'थोडासा' या शब्दापाशी वेणीमाधव क्षणभर थांबले. सत्तावन्न वर्षं नाशकात जेवलेल्या माणसाला 'थोडासा' म्हणजे किती, हे सांगावं लागत नाही. त्यांनी दोन मुदी लिहिल्या. मग चहात साखरही घातली.

"खोटारडे लेकाचे," ते म्हणाले.

दारात कप विसळत बसलेल्या झुंबरने मान वर केली नाही. शिपायाच्या नोकरीत हे सगळं त्याचं ऐकून झालं होतं.

ही १९९८ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहार अभ्यास केंद्र होतं. शहरातले, पठारावरचे आणि डोंगरातले लोक काय खातात, आणि कोणाच्या पोटात लोह, चुना, प्रथिनं किती जातात, याचा अभ्यास तिथे चालला होता. वेणीमाधवांचं काम दिसायला साधं. फॉर्मवरच्या प्रत्येक पदार्थाला अन्नपदार्थांच्या छापील पुस्तकातला क्रमांक द्यायचा आणि वजनाचा आकडा मांडायचा. पुढचे गुणाकार संगणक करायचा. पण त्या क्रमांकावर सगळा डोलारा उभा आहे हे वेणीमाधव जाणून होते आणि ते इतरांनाही विसरू देत नसत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक चूक झाली नव्हती. हे वाक्य ते स्वतःच म्हणत, आणि रोज म्हणत.

जगात त्यांना आवडणाऱ्या माणसांची यादी करायची तर ती पोस्टाच्या तिकिटामागे मावली असती. थोरला भाऊ पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करायचा. त्याला ते 'भाताचे गोळे वळणारा' म्हणत. फॉर्म भरणाऱ्या मुली त्यांच्या मते ढ होत्या. केंद्राच्या प्रमुख मृण्मयी मॅडम वयाने वीस वर्षांनी लहान, पुण्याला शिकून आलेल्या. त्या दुपारी काकडीच्या चकत्या खायच्या आणि चार वाजले की झुंबरला कचोरीसाठी पिटाळायच्या. हिने म्हणे लोकांच्या आहाराचा अभ्यास करायचा! बायको सरोजिनी रोज डबा भरून द्यायची, त्या डब्यातही त्यांना मीठ तरी कमी लागायचं नाहीतर जास्त.

शहरातल्या फॉर्मांचा गठ्ठा संपला आणि त्यांनी हरसूलकडचा गठ्ठा ओढला. डोंगरातल्या पाड्यांवरचे हे फॉर्म तिथल्याच एका बारावी झालेल्या मुलीने भरले होते. आशा झिपरू बेंडकोळी. अक्षर गोल, सुबक, ओळीत. त्यानेच वेणीमाधवांचं डोकं आधी फिरलं. पाड्यावरच्या पोरीला इतकं चांगलं अक्षर असायचं काही कारण नव्हतं.

'नागलीची भाकर, दोन. कोरड्यास, एक वाटी.'

त्यांनी चष्मा पुसला. पुढचा फॉर्म घेतला. 'भाकर, अडीच. कोरड्यास, दोन वाट्या.' त्याच्या पुढचा, 'भात. कोरड्यास, एक वाटी.'

"कोरड्यास!" वेणीमाधवांना हर्ष झाला. दुसऱ्याची अशुद्ध भाषा सापडली की त्यांना भूक लागल्यासारखं व्हायचं. "स, ला, ते. द्वितीया आणि चतुर्थी. कोरडा, कोरड्या, कोरड्यास. अगं, पण कोणास? काय देणार आहेस त्या कोरड्यास? लिहायचं आहे 'कोरडी', आणि ही बया विभक्तीचा प्रत्यय चिकटवून मोकळी! आणि वर वाटी! कोरडी भाकर वाटीने मोजते!"

त्यांनी 'कोरड्यास'खाली लाल रेघ ओढली, शेजारी 'कोरडी', भात असेल तिथे 'कोरडा', असं शुद्ध रूप लिहिलं आणि वाटी खोडून टाकली. भाकरीबरोबर काही नाही, म्हणून क्रमांक शून्य शून्य. असं त्यांनी चारशे बारा ठिकाणी केलं. झुंबर घोटीचा होता आणि चार पावलांवर बसला होता, पण शिपायाला मराठी शब्द विचारायचा म्हणजे जिवंतपणी श्राद्ध घालून घेण्यासारखं. गठ्ठा संपल्यावर त्यांनी मुलीच्या कामाच्या कागदावर शेरा मारला, 'लेखन अशुद्ध. विभक्तीचेही ज्ञान नाही. पुढील कामास घेऊ नये.' खाली सही केली, तारीख घातली, आणि त्या दिवशी सरोजिनीबाईंच्या डब्याला नावं न ठेवता जेवले.

जानेवारीत संगणकाने निकाल दिला तेव्हा मॅडम स्वतः त्यांच्या टेबलाशी आल्या.

"काका, बघा ना! किती स्वच्छ गट पडलेत. शहरी विविध, पठारी मिश्र, आणि हा तिसरा. भाकरी आहे, पण जोडीला काही म्हणजे काही नाही. लोह नाही, प्रथिनं नाहीत. मी त्याला नाव दिलंय, डोंगरी कोरडा आकृतिबंध."

"नाव चांगलं आहे," वेणीमाधव म्हणाले. ते आपल्यामुळे पडलं आहे, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

"फक्त एक गोम आहे. इतकं कोरडं खाऊन या बायकांचं रक्त आणि वजन त्या मानाने बरं कसं? पण तेही जमलं. शरीर कमी अन्नावर भागवायला शिकतं. अनुकूलन! अहवालात आख्खं प्रकरण टाकलंय त्यावर."

मॅडम कचोरीच्या दिशेने गेल्या. वेणीमाधव मनात म्हणाले, शिकतं तर! ह्यांना आठ दिवस पाठवा हरसूलला, म्हणजे शिकतील. पण आकडे आपल्या हातचे होते. आकड्यांवर त्यांचा विश्वास होता.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी अहवालाचं प्रकाशन ठरलं. त्याच महिन्याअखेर वेणीमाधव निवृत्त होणार होते, म्हणून त्यांचा निरोपही त्यातच उरकायचा होता. एकाच हारवाल्याकडून दोन्ही कामं. डोंगरातल्या लोकांचा प्रतिनिधी म्हणून चिमणाबाई बेंडकोळी या अंगणवाडीच्या मदतनीस बाईला बोलावलं होतं. तिला नारळ आणि खण देऊन फोटो काढायचा होता. समारंभ चारला, पण हरसूलची गाडी सकाळीच येते, त्यामुळे बाई दहा वाजताच हजर झाली. झुंबरने तिला वेणीमाधवांच्या खोलीत बाकावर बसवलं. बाईने आपलं गाठोडं समोरच्या छापील अहवालांच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"बाई! उचला ते. अहवाल आहेत ते, चौरंग नाही," वेणीमाधव खेकसले, आणि तिची वाट न बघता स्वतःच गाठोड्याला हात घातला.

"आवं, ऱ्हाऊ द्या सायेब, आडवं धरू नका. कोरड्यास सांडंल."

वेणीमाधवांचा हात तसाच राहिला.

"काय सांडेल?"

"कोरड्यास."

"कोरडं कसं सांडेल?"

चिमणाबाईने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग गाठोडं सोडलं, भाकरींखालून अॅल्युमिनियमचा डबा काढला आणि झाकण उघडून पुढे धरलं. आत काळपट उडीद होता, पातळसर, आणि वर खुरासणीच्या तेलाचा तवंग.

"ह्ये काय. कोरड्यास. भाकरीसंगं खायाचं."

"म्हणजे... आमटी?"

"आता उडदाचं केलंय म्हून उडदाचं. पावसाळ्यात रानातल्या भाजीचं, नायतर खेकड्याचं. जे गावंल त्याचं. नुसती भाकर कोन खातं सायेब? घशाखाली तरी उतरंल का?"

वेणीमाधव खुर्चीवर बसले. मग एकदम ओरडले, "झुंबर! कोरड्यास म्हणजे काय रे?"

"कालवण, साहेब," झुंबर बाहेरूनच म्हणाला. "का? आज डबा नाही आणला?"

"तुला माहीत होतं?"

"माझी आय रोज करती की."

शहरातली बाई तूप लपवते हे त्यांना कळलं होतं, कारण ती त्यांच्या भाषेत लपवत होती. तिच्या ताटात त्यांनी तूप वाढलं, भात वाढला, साखर वाढली. आणि जी बाई खरं सांगत होती तिच्या ताटातली वाटी उचलून घेतली, एकदा नाही, चारशे बारा वेळा. शहर आणि डोंगर यांच्यातलं अंतर अहवालात जेवढं छापलं होतं, त्यातलं निम्मं या टेबलावर तयार झालं होतं. वेणीमाधवांना हे सगळं एका दमात समजलं. त्यांची बुद्धी चांगली होती, तेच वाईट झालं.

चिमणाबाईला बोलायला माणूस मिळाला होता. "माझ्या आशानं तुमच्याच हापिसचं काम केलं व्हतं. लय पावसाचं दिस. पाड्यापाड्यावर गेली, फारमं प्लाष्टिकात बांधून. मंग आमच्या गावात आंगनवाडीच्या बाईची जागा निंगाली. म्हनले, आधी काम केल्याचा कागद आना. तिनं तुमच्या हापिसातून आनला. त्याच्यावं कुन्या सायबानं लिवलेलं, हिला लिवाय येत नाय." ती हसली, पण ते हसणं लगेच मिटलं. "आख्ख्या पाड्याची पत्रं लिवती ती पोर. आता दिंडोरीकडं द्राक्षाच्या मळ्यात गेलीय, टोळीसंगं."

वेणीमाधवांनी 'तो साहेब कोण' असं विचारलं नाही. ते उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले.

मॅडम साडीला पिन लावत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा हळूहळू उतरत गेला, मग कडक झाला.

"किती ठिकाणी?"

"चारशे बारा."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, तुम्हाला आणि झुंबरला. आणि अर्ध्या जिल्ह्याला."

"काका, पुण्याहून पाहुणे निघालेत. पाचशे प्रती छापून तयार आहेत. आणि एका शब्दाने काही निष्कर्ष बदलत नसतो."

"निष्कर्षाचं नावच त्या शब्दावरून पडलंय, मॅडम."

"शुद्धिपत्र जोडू ना आपण पुढच्या आवृत्तीला." त्यांनी पिन लावली. "आणि तुमच्याच निरोपाच्या दिवशी? तुमचीच चूक? तुम्हाला तरी बरं दिसेल का ते?"

पुढची आवृत्ती निघत नसते हे दोघांनाही ठाऊक होतं. या बाईला आपण सहा वर्षं हलकं समजत आलो, आणि हिला आपली नस नेमकी माहीत आहे! वेणीमाधवांना तिचा राग आला. पण आपल्याला हे बोलणं पटतंय, याची त्यांना त्याहून जास्त किळस आली. ते बाहेर आले. फॉर्मांच्या कपाटापाशी जाऊन त्यांनी हरसूलचा गठ्ठा काढला आणि हव्या त्या नावाचा फॉर्म सापडेपर्यंत चाळत उभे राहिले. सापडला तो सत्याऐंशी क्रमांकाचा. त्याची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

समारंभ खालच्या हॉलमध्ये झाला. खुर्च्यांवर गंगापूर रोडची मंडळी होती, त्यात त्या डॉक्टरीणबाईही होत्या, फोटोसाठी पुढच्या रांगेत. पाहुण्यांनी डोंगरी कोरड्या आकृतिबंधावर वीस मिनिटं भाषण केलं. कोरड्या भाकरीवर जगणाऱ्या त्या भगिनींच्या काटक शरीराचं त्यांना फार कौतुक वाटलं. चिमणाबाईला नारळ आणि खण मिळाला. मग मॅडमनी सांगितलं की सव्वीस वर्षांत एकही चूक न करणारा माणूस आज आपला निरोप घेतो आहे. शाल आली, हार आला, आणि दोन शब्द बोला, असा आग्रह झाला.

वेणीमाधवांनी माईक हातात घेतला.

"माझी चूक झाली आहे," ते म्हणाले. "लहान नाही. मोठी चूक झाली आहे."

"अहो काका, काहीतरीच काय!" मागून कोणीतरी म्हणालं. हॉलमध्ये प्रेमळ हसू पसरलं.

"मी चारशे बारा ठिकाणी..."

"चुकलंमाकलं कोणाचं नसतं हो!" पाहुणे म्हणाले आणि त्यांनीच टाळी सुरू केली. निरोपाच्या भाषणात माणूस शेवटी 'चुकलंमाकलं माफ करा' म्हणतोच. यांनी सुरुवातीलाच म्हटलं आणि आकडाही सांगितला, एवढाच फरक. टाळ्या वाढत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळे टिपले. वेणीमाधव म्हणत होते, "कोरड्यास म्हणजे... ऐका... हा शब्द..." पण आभार मानणाऱ्या मुलीने माईक अलगद काढून घेतला होता, आणि फोटोवाला त्यांना जरा उजवीकडे सरका म्हणत होता. शेवटच्या रांगेत चिमणाबाईही टाळ्या वाजवत होती, सगळे वाजवतात म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं बोलायला उभे राहिले होते आणि लोकांना तो शिष्टाचार वाटला. थू तुमच्या टाळ्यांवर, ते मनात म्हणाले, आणि सरकले उजवीकडे.

खाणं सुरू झालं तेव्हा सगळे जिलबीपाशी होते. वेणीमाधव मागच्या दाराने बाहेर आले. पायरीवर चिमणाबाई आपलं गाठोडं सोडून बसली होती. तिला आत जेवायला या म्हणायचं सगळ्यांकडून राहून गेलं होतं. भाकरीचा तुकडा ती उडदात बुडवून खात होती.

वेणीमाधव शालीसकट तिच्यापासून एक पायरी सोडून खाली बसले. खिशातून फॉर्म काढून त्यांनी उलगडला.

"बाई, हा फॉर्म तुमचा. तुमच्या आशाने भरलेला."

"मंग हे लाल काय केलंय?"

"मी केलंय. तो शेरा मारणारा साहेब म्हणजे मीच."

चिमणाबाईने घास चावून संपवला. घाई केली नाही.

"तुमी लिवलं, माझ्या आशाला लिवाय येत नाय?"

"हो."

"तुमाला कोरड्यास ठाव नव्हतं म्हून?"

"हो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. समोरच्या माणसाची एकूण किंमत किती, हे कळल्यावर माणूस जसं बघतो तसं. वेणीमाधव तशा नजरेने सगळ्या जगाकडे बघत आले होते, त्यांनी ती लगेच ओळखली.

"मंग इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "इचाराय काय पैसं पडत्यात?"

"मी नवीन कागद लिहून देतो. आत्ता देतो. अक्षर उत्तम, काम उत्तम, असं."

"जागा भरली सायेब. संक्रातीलाच भरली."

हॉलमधून हसण्याचा आवाज आला. वेणीमाधवांनी खिशाला हात लावला. लाल पेन हाताला लागलं, ते त्यांनी परत ठेवलं आणि निळं काढलं. फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"आता विचारतो," ते म्हणाले. "श्रावणातला फॉर्म आहे. नागलीच्या भाकरी दोन. कोरड्यास दोन वाट्या. ते कशाचं होतं, सांगा. मी लिहितो."

चिमणाबाईला ते सांगायची काही हौस नव्हती. पण विचारणाऱ्याला खाण्याचं सांगायचं नाही, असं तिच्याकडे कोणी करत नसावं.

"सरावनात ना? मंग कोळीच्या भाजीचं आसंल. नायतर तेऱ्याचं, तेरा चिच घालून शिजवाया लागतो, नायतर घसा खाजतो. लोतीचं बी करतो आमी. खेकडी घावली आसतील त त्याचं. एका दिसाचं काय सांगू? रोज येगळं."

यातल्या एकालाही पुस्तकात क्रमांक नव्हता. निळं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच अडलं.

"हे लोत... लोत कसं लिहायचं? त, का थ?"

चिमणाबाईने भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने डबा आतून पुसून घेतला.

"मला काय इचारता सायेब? मला कुठं लिवता येतं? आमच्यात ते आशाच लिवायची."

तिने डबा फडक्यात बांधला, नारळ काखेत घेतला, झुंबरला हरसूलच्या गाडीची वेळ विचारली आणि फाटकातून निघून गेली. वेणीमाधव पायरीवर बसून राहिले. त्यांनी फॉर्म पुन्हा सुलटा केला. लाल रेघेच्या वर तो शब्द अजून नीट वाचता येत होता, गोल, सुबक अक्षरात, आणि त्यात काहीही अशुद्ध नव्हतं.